निशाणी नांगर

मधानं भरलेला तुंबा मेजाच्या कडेला अलगद टेकवत सोन्या कातकरी म्हणाला, "दादा, नांगर तं तू दिलास. आता जमीन कठं हाय, तेवढी सांग."

जिवाजी कारकुनाचा बोरू होता तिथंच थांबला आणि टोकावरचा शाईचा थेंब 'सबब' या शब्दावर पडून सावकाश पसरला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कागदावर असा थेंब पाडला नव्हता. बाहेर बाजाराचा दिवस होता. जव्हारच्या कचेरीच्या ओसरीवर माणसं उकिडवी बसली होती, कुणाच्या टोपलीतल्या सुक्या मासळीचा वास आत येत होता, चैत्राचं ऊन उंबऱ्यापाशी येऊन थबकलं होतं. पण जिवाजीला ते सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. कीर्तनात बुवांनी झांजा एकाएकी थांबवल्या की सभामंडप असाच लांब जातो. समोर सोन्या उभा होता. कमरेला लंगोटी, खांद्यावर फडका, उन्हानं तांबूस झालेले केस. वय सुमारे चाळीस. हे 'सुमारे चाळीस' जिवाजीनंच महिन्यापूर्वी लिहिलं होतं, त्याच्या गुडघ्यांकडं बघून. डोंगरातली माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. महाराजांनाही म्हणतील, देवाला तर म्हणतातच. त्या 'तू'चं त्याला काही वाटलं नाही. त्याला लागलं ते 'दिलास'.

"कसला नांगर रे?"

"घे! इसरला." सोन्यानं मागं वळून ओसरीवरच्या बायकोला सांगितलं, "सखी, दादा इसरला बघ." सखी तोंडावर हात ठेवून हसली. "अरं, शिमग्याच्या आधी मना इथं बशिवलं नाय का? रानाच्या हद्दीचे दगड कठं कठं हायेत, सगळं सांगून घेतलंस. कागुद लिवलास, वाचून दावलास, खाली माजं नाव लिवलंस. नं बाजूला चित्तर काढलंस. मी इचारलं, ह्यो काय? तू म्हनलास, ही तुजी निशाणी. नांगर."

"अरे, ती सहीच्या जागी असते. ज्याला लिहिता येत नाही, त्याची..."

"थांब, मना बोलू दे. घरी गेलू नं सखीला सांगितलं. ती म्हनली, सरकारचा कागुद खोटा बोलल का? मी म्हनलं, नाय बोलायचा. मंग नांगर हाय म्हंजे जमीनबी असलच. कुनाच्या तरी बुडाखाली दाबून ऱ्हायली असल. म्हून इचारायला आलू."

ओसरीवर कुणीतरी खो खो हसलं. सोन्याही हसला, पण त्याची नजर जिवाजीच्या तोंडावरून हलली नाही. त्या नजरेसरशी जिवाजीच्या ध्यानात आलं की हा माणूस भोळा नाही. निशाणी म्हणजे काय, हे त्याला पुरतं कळलेलं आहे. आख्यानातला भक्त देवाला देवाच्याच शब्दात पकडतो आणि मग सोडत नाही, तसा यानं आपल्याला धरला आहे.

"आणि विचारायला येईपर्यंत काय केलंस?" जिवाजीनं विचारलं. कसं कोण जाणे, उत्तर त्याला ठाऊकच होतं.

"पावसाळा कोनाची वाट बघतो का? सूर्यमाळच्या अंगाला, दगडांच्या भायेर, एक माळ हाय. झुडपं तोडली. पाला जाळला. चौथ्या दिशी राखवालदार आला नं कोयता घेऊन गेला. म्हनला, चल कचेरीत." सोन्यानं दोन्ही मोकळे हात पुढं करून दाखवले. "आलू."

पुढल्या बाजाराला ये, असं काहीतरी पुटपुटून जिवाजीनं त्याला वाटेला लावलं. तुंबा तसाच मेजावर राहिला. त्याच्या तोंडाला खोचलेल्या पानातून मधाचा एक धागा खाली उतरत होता आणि जिवाजी त्याच्याकडं बघत बसला होता. कचेरीचा रिवाज जुना. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, वाण्याची तराजू, कातकऱ्याचा कोयता. नाव लिहायचं, नावापुढं चित्र काढायचं आणि त्याखाली लिहायचं, 'निशाणी नांगर, दस्तुर जिवाजी बिन ढवळू'. म्हणजे निशाणी त्याची, हात माझा. अशा हजारो निशाण्या या हातातून गेल्या होत्या. खोडाळ्यापासून साखरशेतापर्यंत कितीतरी घरांच्या पेट्यांत, आढ्याला टांगलेल्या बांबूच्या नळकांड्यांत त्याचे नांगर गुंडाळून पडले असतील. मग त्या दिवशी हात चुकला कसा? त्यानं कागदांचा रुमाल सोडला, वरून सातवा कागद काढला. होता नांगर. चुकून काढलेला वाटतच नव्हता. हळसेचा दांडा सरळ, फाळाला टोक, धरायच्या रुमण्याला मुठीपाशी हवा तेवढाच बाक. कितीतरी दिवसांत इतका देखणा नांगर आपल्या हातून उतरला नव्हता, हे बघून त्याला आधी बरं वाटलं, आणि मग आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटली.

"अहो कीर्तनवाले," शिरस्तेदार मागं येऊन कधी उभे राहिले ते त्याला कळलंच नाही, "कातकऱ्याला नांगर काढलात? उद्या आमच्या नावापुढं बांगडी काढाल."

"चुकलो, रावसाहेब."

"ओसरीवर हसू चाललंय, ते आत ऐकू आलं." शिरस्तेदारांनी तपकिरीची चिमूट ओढली, डोळे मिटून शिंक येईतो थांबले, शिंकले, आणि मग खालच्या आवाजात बोलू लागले. "बसा. नीट ऐका. हद्दीच्या कामात हा एकच साक्षीदार. जुने दगड कुठं होते हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. त्याची जबानी सोमवारी कारभारीसाहेबांकडं जाणार. त्याच रुमालात राखवालदाराची रपोट जाणार की या इसमानं हद्दीलगतचा माळ साफ केला. साहेब दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतील. म्हणतील, जबानीच्या दिवशीच याच्या नावापुढं नांगर आहे, म्हणजे याचा आधीपासून त्या माळावर डोळा. आपल्या शेतासाठी यानं दगड सरकवून दाखवले. जबानी फुकट, आणि हा तुरुंगात."

"पण दगड त्यानं खरेच दाखवले. मी ऐकलं ना."

"तुमचे कान कारभारीसाहेबांकडं कसे पाठवायचे?" शिरस्तेदार हसले. माणूस वाईट नव्हता. मेजावरचा चाकू त्यांनी बोटानं जिवाजीकडं सरकवला. "कागद जाड आहे. नांगर खरवडा, वाळू टाका, घोटा, कोयता काढा. राखवालदाराला मी सांगतो. चार दिवस आवारात लाकडं फोडील आणि सुटेल. माळावर झुडपं पुन्हा उगवतील. कुणाचं काही बिघडलं नाही. सोमवारच्या आत करा म्हणजे झालं."

कुणाचं काही बिघडलं नाही. हे वाक्य आणि बगलेत तुंबा घेऊन जिवाजी कचेरीतून निघाला आणि बाजारातून, तेल्याच्या घाण्यावरून, तळ्याच्या काठानं चालत राहिला. पायात वाक्याचीच लय होती. खरवडलं तर सोन्या वाचतो आणि माळ जातो. ठेवलं तर माळही जातो आणि सोन्याही. हिशेब सरळ होता. पण चाकूनं नांगर खरवडायचा म्हणजे आधी रुमणं खरवडायचं. त्याच्या बोटांना ते आत्ताच जाणवलं, चाकूचं पातं मुठीच्या बाकाशी अडलेलं. आणि त्याबरोबर वीस वर्षांपूर्वीची ती दुपार वर आली. तो तेव्हा कचेरीत नुकता उमेदवार म्हणून बसू लागला होता. मिसरूड फुटलेलं, डोक्याला उसनं पागोटं. साखरशेताहून बाप आला होता, ढवळू, बांधाच्या कसल्याशा कागदावर निशाणी करायला. खरं तर लेकाला पागोट्यात बघायला. म्हाताऱ्या कारकुनानं ओळख दाखवली नाही, मान वर केली नाही, दोन फराटे मारले आणि म्हणाला, चला. जिवाजीला वाटलं होतं, बाप खूश होईल. बापाला पोचवायला तो जामसरच्या उतरणीपर्यंत गेला. तिथं करवंदीच्या जाळीशी थांबून बाप म्हणाला, "जिव्या, त्या बामनाच्या नांगराला रुमणंच नव्हतं रं. मानसानं धरायचं काय?" एवढंच. त्या दिवसापासून जिवाजीनं रुमण्याशिवाय नांगर काढला नाही. पुढं तीन वर्षांनी ढवळू तापानं गेला. त्याची निशाणी काढायचा योग लेकाला कधी आलाच नाही, आणि म्हणूनच की काय, नंतरचा दर नांगर तो बापासाठीच काढत आला होता. पोश्याच्या नावापुढं, पांड्याच्या नावापुढं, ज्याच्या त्याच्या नावापुढं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही आजच सांगितलं.

घरी बायको, गौराबाई, नागलीच्या भाकरी थापत होती. तिनं तुंबा पाहिला, हुंगला आणि म्हणाली, "मध! कुणी दिला?" त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, चाकूसुद्धा. ती खोडाळ्याची. तिचं बोलणं तव्यावरच्या भाकरीसारखं, दोन्ही बाजूंनी भाजून निघालेलं. "म्हंजे त्याचा मध खायचा नं त्याचाच नांगर खरवडायचा," ती म्हणाली. "बरं हाय तुमच्या कचेरीचं. खाऊ का नको, ते आधी सांगा. लाच असली तं कोंबड्यांना घालते."

"लाच कशी? त्यानं काम होण्याआधी दिला नाही. झालं असं समजून दिलाय."

"मंग तं अजून वाईट," असं म्हणून तिनं भाकरीवर मधाचं बोट फिरवलं आणि ती त्याच्या ताटात वाढली. मध कडसर होता, कुठल्यातरी रानफुलाचा. सोन्यानं तो कुठून काढला असेल, हे जिवाजीला कळलं. कारण जबानीच्या दिवशी सोन्या सांगत होता, तिसऱ्या दगडाच्या वर कडा हाय, कड्याला पोळी हायेत. आणि आता घास तोंडात असताना, इतके दिवस न आठवलेली ती जबानी त्याच्या कानात पुन्हा सुरू झाली. सोन्यानं नुसते दगड सांगितले नव्हते. डोळे मिटून, हातानं वाट दाखवत, तो मनातल्या मनात त्या माळावरून चालत होता. पहिल्या दगडाशी पाझर हाय, वैशाखातबी माती गार लागते. दुसऱ्याशी मुरूम. त्याच्या भायेर काळी माती, ढोपरभर. आम्ही काताच्या भट्टीची लाकडं न्यायचो तवा मी तिथं बसायचो, दादा. उगाच. माती हातात घेऊन. तिथं नागली मस्त व्हईल. कुनी केली न्हाय आजून. जिवाजीनं यातलं काहीच लिहिलं नव्हतं. लिहायचं नसतंच. 'पहिला दगड पाझरालगत, दुसरा तेथून पूर्वेस' एवढंच लिहिलं होतं. पण ऐकलं होतं. कीर्तनात बसल्यावर ऐकतो तसं, मान हलवत, हात आपोआप मांडीवर ताल धरत. आणि जे लिहायचं नाही असं डोक्यानं ठरवलं, ते हातानं खाली, नावाशेजारी, काढून टाकलं होतं. हात चुकला नव्हता. हातानं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी रामाच्या देवळात नवरात्रातलं पाचवं कीर्तन. तिसऱ्या प्रहरी ऊन कलायला लागलं की सुरू व्हायचं. जिवाजीची जागा ठरलेली, डावीकडच्या खांबाशी. याच खांबाशी बसून, एका चातुर्मासात इथं मुक्कामाला असलेल्या बुवांकडं, तो धूळपाटीवर अक्षरं शिकला होता. साखरशेतच्या कोळ्याच्या पोराला अक्षर कशाला, असं विचारणाऱ्यांना बुवा म्हणायचे, अहो, ऐकणाऱ्याला लिहिता आलं तर ऐकलेलं टिकतं. ते बुवा आता म्हातारे झाले होते, आवाज थोडा फाटला होता, पण उपरणं कमरेला बांधून चिपळ्या हातात घेतल्या की पाठीचा कणा सरळ व्हायचा. आज त्यांनी उत्तररंगात त्या रागीट ऋषीची गोष्ट घेतली. देवांमध्ये थोर कोण याची परीक्षा घ्यायला ऋषी निघाला आणि शेषावर पहुडलेल्या देवाच्या छातीवर त्यानं सरळ लाथ मारली. "आता सांगा," बुवा थांबले, घाम टिपला, "तुम्ही काय केलं असतंत? पाय धरून खाली आपटला असता. निदान घरी जाऊन छाती चोळली असती, धुतली असती. देवानं काय केलं? देव उठला, ऋषीचा पाय हातात घेतला आणि म्हणाला, महाराज, माझी छाती कठीण, तुमचं पाऊल मऊ, लागलं तर नाही ना? आणि ते पाऊल पुसलं नाही हो! अजून तिथं आहे. दुसऱ्याच्या चुकीची निशाणी देव दागिना करून छातीवर वागवतो." मृदंगावर थाप पडली, झांजा उसळल्या, सगळा मंडप नामाच्या गजरात उठून उभा राहिला. जिवाजी उठला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला आतून हसूही येत होतं. निशाणी, बुवा म्हणाले होते. ही गोष्ट त्यानं वीसदा तरी ऐकली असेल, दर वेळी त्याला ऋषीचा राग आला होता आणि देवाचं कौतुक वाटलं होतं. आज पहिल्यांदाच तो ऋषीच्या जागी होता. लाथ मारणारा मी. आणि छाती कुणाची? लंगोटीतल्या त्या माणसाची, जो उलट मध घेऊन आला.

कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घ्यायला तो वाकला तेव्हा बुवांनी विचारलं, "काय जिवाजी, आज बसूनच?"

"पाय उचलेना, बुवा."

"उचलेल," बुवा म्हणाले आणि पुढच्याच्या कपाळाकडं वळले.

शनिवारी सकाळी कचेरीत दुसरं कुणी यायच्या आत जिवाजी मेजावर बसला. चाकू होता तिथंच पडला होता. त्यानं तो उचलला, बोरूला नवं टोक काढलं आणि चाकू खणात ठेवून दिला. मग जबानीच्या कागदाला जोडायला एक कोरा कागद घेतला. आयुष्यभर तो दुसऱ्यांचं म्हणणं लिहीत आला होता. 'विचारले वरून लिहून देतो की' असं सुरू करायची सवय. आज विचारणारं कुणी नव्हतं, आणि पहिल्या ओळीशीच त्याचा बोरू अडला. लिहिणाराचं म्हणणं काय असतं? लिहिणारा म्हणजे बोरूसारखा, त्याला आत पोकळी हवी, असं तो आजवर समजत होता. उंबऱ्यावरचं ऊन चार बोटं आत आलं तेव्हा त्यानं लिहिलं:

'जबानीखालील नांगराची निशाणी साक्षीदाराची नव्हे. त्या दिवशी साक्षीदारापाशी नांगर नव्हता, शेत नव्हते, शेताची मागणीही नव्हती. सबब दगड दाखविण्यात त्याचा काही मतलब नव्हता. नांगर लिहिणाराने आपले मनाने दिला. पुढे साक्षीदाराने माळ साफ केला तो त्या निशाणीवर भरवसा ठेवून. सदर माळ दगडांचे बाहेर आहे. तो त्यास कौलाने लागवडीस मिळावा. चूक आहे ती माझी. दस्तुर खुद्द जिवाजी बिन ढवळू.'

शिरस्तेदारांनी तो कागद उभ्यानंच वाचला. पुन्हा वाचला. तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली. "ही चाकूची खूण तर कुठं दिसत नाही."

"नाही, रावसाहेब."

"जबानीचं मेज काढून घेतील तुमच्याकडून. जावक-बारनिशीला बसवतील. पाकिटांवर नंबर घालत बसाल. तिथं ऐकायला काही नसतं हो, जिवाजी." त्यांनी पहिल्यांदाच नुसतं जिवाजी म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. आणि तेच जिवाजीला सगळ्यात जास्त लागलं, कारण भीती त्याचीच होती. पगार कमी होईल याची नव्हती, नाचक्कीचीही नव्हती. उद्यापासून डोंगरातून उतरून आलेलं कुणी समोर बसणार नाही, घसा खाकरणार नाही, 'आइक दादा' म्हणणार नाही, याची होती.

"पाठवा, रावसाहेब," तो म्हणाला.

रुमाल सोमवारी वर गेला. नवमी झाली, पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. पुढल्या बाजाराला सोन्या आला, ओसरीवर बसला, उठला, गेला. त्याच्या पुढल्यालाही. विचारायचा नाही. नुसता जिवाजीकडं बघून हनुवटी वर करायचा, जिवाजी मान हलवायचा, की हा उठून चालायला लागायचा. सूर्यमाळ इथून एका दिवसाची वाट नव्हे. त्याच्या मोकळ्या हाताकडं जिवाजीला बघवत नसे. कोयता नाही म्हणजे त्या माणसाला लाकूड नाही, कूड नाही, कुणाकडं मजुरी नाही. आणि तो कोयता आतल्या खोलीत भिंतीला टेकून होता, नंबराची चिठ्ठी बांधलेला. कधी जिवाजीला वाटे, खरवडलं असतं तर एव्हाना तो कोयता याच्या कमरेला असता. आपण नांगराच्या प्रेमात पडलो, माणसाच्या नव्हे. असं वाटलं की त्या दिवशी त्याच्या हातून जबान्या कोरड्या उतरत. चौथ्या बाजाराला सखी एकटीच आत आली, मेजावर ओंजळभर जांभळी करवंदं ओतली आणि म्हणाली, "तो म्हनतो, दादाला सांग, तू कष्टी नको होऊ. नाय तं नाय. माळ कठं पळून चाललाय?"  जिवाजीनं एक करवंद तोंडात टाकलं. ते इतकं आंबट होतं की डोळ्यांत पाणी आलं, आणि सखी समाधानानं निघून गेली.

वैशाख संपता संपता रुमाल खाली आला. शिरस्तेदारांनी सोडला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं वाचलं. कारभारीसाहेबांचा शेरा तीन ओळींचा होता. 'दगड समक्ष पाहिले. जबानी खरी. कारकुनास ताकीद द्यावी की निशाणी मनाने देऊ नये. मेज तूर्त बदलू नये. माळ हद्दीबाहेर आहे, सबब सोन्या कातकरी यास कौलाने द्यावा. तीन पावसाळे लागवड राखल्यास कायम करावा.' ताकीद, कौल, कायम. कोरडे ठाक शब्द. पण ते वाचले जात असताना जिवाजीच्या मांडीवर त्याची बोटं हळूच ताल धरत होती.

"तूर्त," शिरस्तेदार म्हणाले. "ऐकलंत ना? तूर्त. आणि ताकीद दिली, असं समजा."

पुढल्याच बाजारी सोन्याला आत बोलावलं. कौलाची कबुलायत लिहून तयार होती. जिवाजीनं ती वाचून दाखवली, हळूहळू, दर ओळीला थांबून. सोन्या उकिडवा बसून ऐकत होता. सखी त्याच्या मागं उभी होती, आणि यावेळी दोघंही हसत नव्हती. वाचून झाल्यावर सोन्या म्हणाला, "पुन्यांदा वाच." त्यानं पुन्हा वाचलं. "हां," सोन्या म्हणाला. बस, एवढंच.

मग शिरस्तेदारांनी मोठ्या थाटात एक पत्र्याची डबी पुढं केली. ठाण्याहून आठ दिवसांपूर्वी आलेली शाईची गादी. "आता निशाण्या बंद. नांगर नाही, बांगडी नाही, आणि कीर्तनवाल्यांच्या चुकाही नाहीत. अंगठा." सोन्याचा अंगठा धरून त्यांनी गादीवर दाबला, कागदावर टेकवला, उचलला. नुसता काळा डाग. पुन्हा दाबला. पुन्हा डाग, वाटोळा, सपाट, तव्याच्या बुडासारखा. त्यांनी अंगठा उजेडात उलटा करून पाहिला. त्यावर रेघच नव्हती. काताच्या भट्ट्यांनी, उकळत्या हंड्यांनी त्या केव्हाच पुसून टाकल्या होत्या.

"हा माणूस उमटतच नाही," शिरस्तेदार वैतागून म्हणाले, आणि मग आपल्याच बोलण्यानं ओशाळल्यासारखे झाले. डबी त्यांनी मिटली. "काढा, जिवाजी. निशाणी काढा. या खेपेस परवानगी आहे."

जिवाजीनं बोरू बुडवला. नाव लिहिलं. नावापुढची जागा मोकळी, दोन बोटं रुंद. हात निघालाच होता, हळसेच्या पहिल्या रेघेसाठी. तो मध्येच थांबला. मनाने देऊ नये. त्यानं बोरू उलटा धरून मेजावरून पुढं केला.

"तूच काढ."

"मी?" सोन्या मागं सरला. "मना कठं येतं?"

"बघितलायस की."

सोन्यानं हात फडक्याला पुसले. बोरू त्यानं कोयत्यासारखा मुठीत धरला. सखी खाली वाकली. शिरस्तेदारही, आपण बघत नाही असं दाखवत, खांद्यावरून बघत होते. पहिली रेघ थरथरली, वाकडी गेली, पण थांबली नाही. हळस. फाळ जरा मोठा झाला. रुमणं आलं, त्याला बाक नव्हता, काठीसारखं उभंच. सोन्यानं बोरू उचलला, चित्राकडं मान कलती करून बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुज्या नांगरात एक खोट व्हती. त्या दिशी बोललू नाय, तुला वाईट वाटल म्हून."

जिवाजीला बाप आठवला. करवंदीची जाळी, उतरण, पागोट्याखालचा घाम. "काय खोट?"

"रुमणं व्हतं. पन धराया कोन नव्हता."

आणि त्यानं पुन्हा बोरू टेकवून रुमण्याच्या मागं एक उभी रेघ काढली, तिला दोन पाय फोडले, एक हात काढून रुमण्याला नेऊन भिडवला, आणि वर, श्वास रोखून, एक ठिपका दिला. शाई जास्त झाली होती. डोकं शरीराच्या मानानं मोठं झालं. सखी म्हणाली, "तुजंच टकुरं हाय, पागोटं घातल्यावानी," आणि आता मात्र तिला हसू आवरेना.

जिवाजी हसला नाही. एकोणीस वर्षांत काढलेल्या त्याच्या एकाही नांगरामागं माणूस नव्हता. हजारो नांगर, सगळे शेतात तसेच उभे, धरणाराची वाट बघत. त्यानं शाई टिपायच्या वाळूची डबी उचलली, त्या ओल्या माणसावर चिमूटभर वाळू भुरभुरवली, आणि ती कागदावर घरंगळताना त्याला वाटलं, मातीच आहे. मग त्यानं बोरू परत घेतला. खाली त्याचे ठरलेले शब्द लिहायची जागा होती. हाताला ते इतके पाठ होते की 'निशाणी नांगर, दस्तुर' इथवर तो न बघताच येऊन पोचला. तिथं तो थांबला, बोरू पुन्हा दौतीत बुडवला, काठावर निथळवला, आणि एरवी जिथं तो स्वतःचं नाव लिहीत असे तिथं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'खुद्द'.